पेल्यातली साखर मोजून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेह आणि मद्यपान या विषयावरच्या लेखांत 'बिअर नको, व्हिस्की चालेल, तिच्यात साखर नसते' असा सल्ला अधूनमधून वाचायला मिळतो. व्हिस्कीत साखर नसते हे खरं. पण मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना मोठा धोका असतो तो रक्तातली साखर घसरण्याचा, आणि तोही पिणं आटोपल्यावर काही तासांनी.

उपाशीपोटी रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृताचं. दारू आली की ते आधी तिचा निचरा करायला घेतं आणि नवं ग्लुकोज तयार करणं मंदावतं. साठ्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात साठवलेलं ग्लुकोज, काही वेळ पुरतं; नीट जेवण झालेलं नसेल तर तेही लवकर आटतं. त्यात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांपैकी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर खर्च होत राहते आणि भर काही पडत नाही. झोपताना १४० दाखवणारं मीटर पहाटे ५० दाखवू शकतं. हा परिणाम २४ तासांपर्यंतही टिकतो.

पंचाईत अशी की साखर उतरल्याची आणि दारू चढल्याची लक्षणं सारखीच दिसतात: जीभ अडखळते, तोल जातो, गुंगी येते. घरचे 'झोपू दे, सकाळी उतरेल' म्हणून दिवा मालवतात. त्याऐवजी बोट टोचून साखर पाहावी. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. ग्लुकोजच, कारण औषधांत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस असेल तर साध्या साखरेचं पचन रेंगाळतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावं. ग्लुकागॉनच्या इंजेक्शनवर विसंबू नये. ते यकृतातला साठा मोकळा करतं, आणि इथे तोच आटलेला असतो.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने एकट्याने साखर सहसा इतकी पडत नाही. तिथे भीती रक्तात आम्ल साचण्याची, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसची. तो क्वचितच होतो, पण जिवावर बेततो. एका बैठकीत भरपूर पिणं आणि मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असणं ही जोडी वाईट. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. त्यांना मीटरवर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात किटोन नावाची आम्लं साचून किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप हे सगळं हँगओव्हर समजून अंगावर काढलं जातं. अशा वेळी किटोन तपासायला हवेत.

'आज प्यायची आहे, गोळी राहू दे' हा उपाय नव्हे. डोसचा निर्णय डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची कमाल मर्यादा दिवसाला पुरुषांना दोन, स्त्रियांना एक माप अशी आहे. एक माप म्हणजे ४० टक्क्यांची सुमारे ४५ मिली दारू किंवा ५ टक्क्यांची सुमारे ३५० मिली बिअर. आठवड्याची मापं साठवून शनिवारी रिचवायची नसतात. पिणं जेवणाबरोबरच, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर झोपण्यापूर्वी मीटर १०० च्या खाली दिसल्यास काहीतरी पिष्टमय खाऊनच आडवं व्हावं.

बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. 'मी शुगरची एकच गोळी घेतो' म्हणणाऱ्याच्या पोटात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही जात असू शकतं. पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तेव्हा यापुढे असा लेख छापताना पेयांच्या तक्त्याशेजारी या औषधांचाही तक्ता द्यावा, ही विनंती.

– एक फार्मासिस्ट वाचक