त्या मुलांचे वर्कशॉपचे तास परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत डिझाइनच्या शिक्षणावर लेख आला होता. करोनाच्या दोन वर्षांत घरी बसून मुलांची कल्पनाशक्ती उलट बहरली, असा त्याचा सूर होता. मी आयटीआयचा पॅटर्न मेकर. अकरा वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न, म्हणजे धातू ओतायच्या साच्यांसाठीचे नमुने, केले आणि पुढची एकोणीस वर्षं पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. २०२३ मध्ये निवृत्त झालो. मुलं मला काका म्हणायची. त्या दोन वर्षांत या मुलांच्या हातून काय निसटलं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे पत्र.

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण आमच्या पुण्यातच सापडले. आठवडाभरात कॉलेज बंद झालं. सेकंड इयरची शाडूची मॉडेल्स तेव्हा अर्धवट होती. हातात धरायच्या वस्तू होत्या, कुणाची इस्त्रीची मूठ, कुणाचं ड्रिल मशीन. ३१ मार्चपर्यंतच बंद आहे म्हणून आम्ही प्रत्येक मॉडेलवर ओलं फडकं टाकलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. मला वर्कशॉपचं कुलूप उघडायला मिळालं जुलैत. फडकी कडक झाली होती आणि मॉडेल्स मधोमध तडकली होती. एका इस्त्रीच्या मुठीवर बोटांचे खळगे तेवढे शाबूत होते, पोरीने स्वतःच्या हाताच्या मापाने दाबलेले. शाडू पुन्हा वापरता येतो, म्हणून सगळी मॉडेल्स मी फोडून टबात भिजत घातली. चिठ्ठ्या मात्र टाकवल्या नाहीत.

ज्यांचं शेवटचं वर्ष होतं त्यांचे हाल वेगळे. परीक्षा घ्यायची की नाही, हा वाद ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयात मिटला. तोवर मुलं आपापल्या गावी होती आणि मॉडेल्स पुण्यात भाड्याच्या खोल्यांवर. खोल्या रिकाम्या करताना काही घरमालकांनी पुठ्ठा आणि फोमचा कचरा समजून ती फेकून दिली. ज्युरी, म्हणजे कामं बघून मार्क द्यायची परीक्षा, झाली ती फोटोंवर.

नवी बॅच आली ती थेट मोबाइलवर. फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, प्लास्टरचा साचा शिकवतात. मला सांगितलं, व्हिडिओ करून पाठवा. मुलीने मोबाइल धरला आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्लास्टर कालवलं. पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. चाळणीतून पडल्यासारखं भुरभुरवत राहायचं, पाण्यावर कोरडी बेटं दिसू लागली की थांबायचं. मिनिटभर भिजू द्यायचं. मग हात पाण्याखालीच ठेवून हलवायचं, नाहीतर बुडबुडे धरतात. हे सगळं व्हिडिओत दाखवता येतं. पण ओतल्यावर थोड्या वेळाने प्लास्टर आतून तापू लागतं. वरून तळहात ठेवला की ऊब लागते, ती वाढते, मग उतरते. पूर्ण उतरल्याशिवाय साचा उघडायचा नाही. वर्कशॉपमध्ये मी एकेका मुलाचा हात धरून प्लास्टरवर ठेवत असे. एकदा ती ऊब कळली की जन्मात कुणी साचा घाईने उघडत नाही. मोबाइलवर मी फक्त म्हणू शकलो, "आता हे गरम झालंय बरं का." चाळीस मुलांनी व्हिडिओ पाहिला. प्लास्टर एकाच्याही हाताला लागलं नाही. लागणार कुठून? दुकानं कधी उघडी तर कधी बंद, आणि दोन खोल्यांच्या घरात वडिलांचं काम, बहिणीची शाळा आणि याचा वर्ग एकाच टेबलावर.

मुलं कमी पडली असं मी अजिबात म्हणत नाही. आमची एक विद्यार्थिनी श्रीवर्धनची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर धडकलं. घराचे पत्रे गेले, बाग आडवी झाली, कित्येक दिवस वीज नाही, रेंज नाही. वर्गात हजेरी लागेना. रेंज आल्यावर तिने मला फोन केला, "काका, पोफळीच्या खोडाचं काय करता येईल?" बागेत पडलेल्या खोडांचं तिला बैठं स्टूल करायचं होतं. पोफळ बाहेरून कडक आणि आत भुसभुशीत, त्यात खिळा धरत नाही. मी सांगितलं, खोड उभं चिरून पट्ट्या काढ आणि दोरीने बांध. गावातल्या सुताराकडे बसून तिने ते केलं. स्टूल थोडं डुगडुगत होतं, पण त्या वर्षी सबमिशनला आलेल्या सगळ्या कामांत ज्यावर खरोखर बसता येईल असं ते एकच होतं. तिला सुतार भेटला म्हणून जमलं. फ्लॅटमधल्या मुलांना कोण भेटणार होतं?

दुसरा मुलगा फार हुशार. त्या वर्षी सगळीकडे पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड निघाले होते, त्याने प्रोजेक्टला तोच विषय घेतला. कॉम्प्युटरवर इतकं देखणं रेंडर केलं की खऱ्या वस्तूचा फोटो वाटावा. ज्युरीत मार्क उत्तम पडले. २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं उघडली, तेव्हा तो ड्रॉइंग घेऊन पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपला आला. आम्ही दोघांनी बनवला. पेडलवर पाय दिला आणि अख्खा स्टँड त्याच्याच अंगावर आला. पेडल बेसच्या बाहेर होतं. पाय दाबला की वजन सगळं पुढे, मागे धरून ठेवायला काही नाही. वर्कशॉपमध्ये ही चूक पहिल्या दिवशी कळते. पुठ्ठा आणि लाकडाची पट्टी जोडून बघितलं तरी कळते. त्याला ती वर्षभराने कळली, मार्क मिळून गेल्यावर. तो बराच वेळ स्टँडकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "काका, स्क्रीनवर काही पडतच नाही हो." आम्ही बेस वाढवला, मागे लोखंडी पट्टी घातली, स्टँड उभा राहिला. पुढच्या जानेवारीत कॉलेज पुन्हा बंद झालं.

लेखात म्हटलंय ते एका अर्थी खरं आहे. सॉफ्टवेअरमध्ये ही मुलं तयार झाली. अॅपच्या स्क्रीन डिझाइन करायच्या नोकऱ्या २०२१ मध्ये भराभर मिळाल्या, पगारही चांगले. त्याचा मला आनंदच आहे. पण फर्निचर करायला म्हणून आलेला मुलगा आज मोबाइलची बटणं डिझाइन करतो, तेव्हा त्याने ते निवडलं की दुसरं काही हाताला लागलंच नाही, हे विचारायला हवं. २०२० मध्ये फाउंडेशनला आलेल्या मुलांनी करवत पहिल्यांदा हातात धरली ती दुसऱ्या वर्षात. फाउंडेशनचं वर्ष हात तयार व्हायचं वर्ष असतं. कानस किती दाबायची, गुण्या कुठे टेकवायचा, पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा घ्यायचा, हे तेव्हा अंगात उतरतं. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था १९६१ ची, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ चं. आयडीसी उभं करणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे.त शिकून पुढे जर्मनीला उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले. तेव्हापासून आपल्याकडे डिझाइन शिकवताना वर्कशॉपला वर्गाइतकंच मोल आहे.

आणि फीचं काय? त्या दोन वर्षांच्या पावत्यांवर वर्कशॉप आणि मटेरियलचे पैसे लावलेले मी पाहिलेत. पालकांनी ते कर्ज काढून भरले. पैसे परत मिळणार नाहीत हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच की तास परत द्या. २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांना, ती आज कुठेही नोकरीला असोत, राज्यातल्या प्रत्येक डिझाइन आणि उपयोजित कलेच्या कॉलेजने आपलं वर्कशॉप शनिवारी दुपारनंतर उघडून द्यावं. सहा महिने पुरेत. प्रमाणपत्र नको, मार्क नकोत. लाकूड, प्लास्टर, शाडू कॉलेजने द्यावं, कारण त्याचे पैसे आधीच घेतलेत. यंत्रावर उभं राहायला माणूस नाही असं उत्तर येईल. माझ्यासारखे निवृत्त इन्स्ट्रक्टर गावोगावी आहेत. त्यांना विचारून तर बघा. मी माझ्यापुरतं सांगतो, पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर मी मानधन न घेता येईन. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

त्या चिठ्ठ्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, एकवीस आहेत. त्यातल्या सहा मुलांशी माझा अजून फोनवर संपर्क आहे. त्यांना मी विचारलं, शनिवारी याल का? चौघं लगेच हो म्हणाली. पाचवी बंगळुरूला असते, तिने विचारलं की महिन्यातून एकदा आलं तर चालेल का. इस्त्रीची मूठ तिचीच.

आपला,
एक निवृत्त वर्कशॉप इन्स्ट्रक्टर, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)