नंद्याला पत्र: युगांडात सिंह सोडून काय काय बघितलं

प्रिय नंद्या,

तुझा मेसेज बघितला, "बिग फाइव्ह झाले का रे?" आणि खाली पाच अंगठे. याला दोन ओळीत उत्तर द्यायला गेलो तर आपलं भांडण होईल म्हणून निवांत लिहितोय, चहा घेऊन बस. तर नाही झाले. बिबट्याने दर्शन दिलं नाही, गेंडे बघितले पण ते राखीव जागेतले, हत्ती, रेडे, सिंह मात्र पोटभर. पण सगळ्यात भारी काय वाटलं विचारशील तर पोट्टो. हो, पोट्टो. लगेच गूगल करू नकोस, सांगतो.

आधी थोडा भूगोल, कारण तुझ्या डोक्यात आफ्रिका म्हणजे केनियातलं मसाई मारा, पिवळं गवत आणि नदीत उड्या टाकणारे विल्डबीस्ट. ते युगांडात नाही. तिथे पश्चिमेच्या कडेला, काँगोच्या सीमेजवळ, दाट पावसाळी जंगल आणि गवताळ रान एकमेकांच्या अगदी शेजारी आहेत, म्हणजे आज चिंपांझी आणि उद्या सिंह, आणि मधल्या रस्त्यावर चहाचे मळे नायतर केळीच्या बागा. किबाले, क्वीन एलिझाबेथ, ब्विंडी अशी ती नॅशनल पार्कांची रांग. मुंबईहून एन्टेबीला युगांडा एअरलाइन्सची डायरेक्ट फ्लाइट २०२३ मध्ये सुरू झाली, आम्ही तिनेच गेलो.

गेंड्यांचं आधी उरकून टाकतो. युगांडातले जंगली गेंडे १९८३ पर्यंत साफ संपले, हुकूमशहा इदी अमीनच्या काळात आणि नंतरच्या यादवीत जो तो बंदूक घेऊन फिरत होता, त्यात जनावरांचं काय होणार. मग झिवा नावाच्या ठिकाणी २००५-०६ च्या सुमारास केनियातून चार आणि अमेरिकेत डिस्नेच्या प्राणिसंग्रहालयातून दोन आणून परत सुरुवात केली, आणि २००९ मध्ये पहिलं पिल्लू झालं त्याचा बाप केनियातला आणि आई अमेरिकेतली म्हणून त्याचं नाव ठेवलं ओबामा! तिथे गेंडा पायी चालत बघायचा असतो, रेंजर पुढे, आपण मागे. जीपमधून बघण्यात आणि पायी बघण्यात काय फरक आहे ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. पायाखाली काडी मोडली की गेंड्याचा कान आपल्याकडे वळतो, आणि आपण आपोआप श्वाससुद्धा हळू घ्यायला लागतो.

आता किबाले. या एका जंगलात माकडं आणि वानरं मिळून प्रायमेटच्या १३ जाती आहेत, एवढ्या एका ठिकाणी फार कमी सापडतील. आमची रेंजर एक बाई होती, खांद्यावर रायफल (चिंपांझीसाठी नाही रे, जंगली हत्ती समोर आला तर हवेत बार काढायला), पायात गमबूट आणि चालण्याचा स्पीड असा की आमच्या ग्रुपमधले एक काका सारखे "मॅडम, फोटो, फोटो" करत थांबायला लागले. चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर नवीन घरटं बांधून झोपतात, त्यामुळे आदल्या दिवशी कुठे झोपले ते ट्रॅकरना माहीत असतं आणि ते पहाटेच तिथे पोचलेले असतात. पण आमच्या दिवशी टोळी लवकर उठून निघून गेली होती. बाईने काय केलं तर वॉकीटॉकी बंद करून एका जागी उभी राहिली आणि आम्हाला सगळ्यांना गप्प केलं. मग खाली पडलेली अर्धवट चघळलेली अंजिरं उचलून दाखवली, दात लागलेली कड अजून ओली होती, तपकिरी पडायची बाकी होती. म्हणाली, फार लांब नाहीत. आणि पाचच मिनिटांत डाव्या बाजूने तो आवाज आला, आधी हू हू हू असं हळू, मग चढत चढत किंचाळी आणि शेवटी धाड धाड धाड. ते मोठ्या झाडांच्या पसरट मुळांवर हातापायांनी बडवतात, ढोलासारखं, आणि किलोमीटरभर ऐकू जातं. छातीत बसतो रे तो आवाज.

नंतर तासभर ते आमच्या आजूबाजूला. नियम असा की आपण काही मीटर लांब राहायचं, मास्क लावायचा, पण चिंपांझींना नियम कोण सांगणार, एक दांडगा नर माझ्या गुडघ्याला घासेल इतक्या जवळून ढुंकूनही न बघता निघून गेला. मास्कवरून काका कुरकुरत होते तेव्हा बाईने शांतपणे सांगितलं की २०१३ मध्ये याच किबालेतल्या एका टोळीत माणसाच्या साध्या सर्दीच्या विषाणूने पाच चिंपांझी मेले. आपलं नाक वाहतं, त्यांचा जीव जातो. काकांनी मास्क नाकावर घेतला. आणि चिंपांझी काही साधुसंत नाहीत हं, याच जंगलात नगोगो म्हणून भाग आहे तिथली टोळी एकेकाळी दोनशेच्या आसपास होती, जगातली माहीत असलेली सगळ्यात मोठी, त्यांनी लाल कोलोबस माकडांची एवढी शिकार केली की त्या भागात ती माकडंच कमी झाली. पुढे ती टोळी फुटली आणि दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले. भाऊबंदकी सगळीकडे सारखीच.

रात्री आम्ही वेगळे पैसे भरून नाइट वॉकला गेलो, बाकीच्यांनी कंटाळा केला. आणि नंद्या, तिथे मी गार पडलो. गाइड टॉर्च डोळ्यांच्या बाजूला, कानशिलाला लावून धरायला सांगतो, कारण प्राण्याच्या डोळ्यातून उजेड परत सरळ टॉर्चकडे येतो, टॉर्च कमरेशी धरली तर आपल्याला चमक दिसतच नाही. एवढी साधी गोष्ट, आणि आपण इतकी वर्षं ताडोब्याच्या बफरमध्ये टॉर्च घेऊन काय करत होतो कोण जाणे. पहिली चमक दिसली ती उड्या मारत गेली, इथे होती ती क्षणात दुसऱ्या झाडावर, गाइड म्हणाला बुशबेबी, म्हणजे रात्री फिरणारा माकडाचा छोटासा भाऊबंद. दुसरी चमक हललीच नाही. दोन नारंगी ठिपके, फांदीच्या खालच्या बाजूला. बराच वेळ. मग इतक्या सावकाश सरकले की मला वाटलं माझीच मान हलतेय. तो पोट्टो. मांजराएवढा, गुबगुबीत, आपल्या दक्षिणेकडच्या जंगलात लोरिस असतो ना, त्याच्याच कुळातला. दुर्बिणीतून त्याचा हात नीट दिसला, अंगठा एकीकडे, बाकीची बोटं दुसरीकडे, आणि पहिल्या बोटाच्या जागी नुसता एक खुंट! बोट तुटलेलं नाही, जन्मतःच तसं असतं, पकड चिमट्यासारखी घट्ट बसावी म्हणून. मानेवर जाड कातडी आणि तिच्याखाली मणक्यांची टोकं वर आलेली, कोणी हल्ला केला की डोकं खाली घालून मान पुढे करतो आणि फांदी सोडत नाही. पळून जाणं हा प्रकार त्याच्या कोष्टकातच नाही. आम्ही बघत होतो तोवर त्याने एक पाय उचलला, पुढे नेला, ठेवला, मग विचार केल्यासारखा थांबला. बरोबरची मुग्धा मला म्हणाली अगदी तुझ्यासारखा आहे, सकाळी उठताना.

हे मी सांगतोय कारण तो गाइड नसता तर आम्ही त्या झाडाखालून गप्पा मारत निघून गेलो असतो.

क्वीन एलिझाबेथमध्ये तुझे सिंह. कासेन्यीच्या माळावर सकाळी एक सिंहीण दिसली आणि पुढचं तुला माहीतच आहे, रेडिओ वाजला, चहूकडून गाड्या, सगळ्यांची छपरं वर, प्रत्येक छपरातून चार चार कॅमेरे, मला क्षणभर वाटलं ताडोब्याच्या मोहर्ली गेटच्या आत आहे. आमच्या ड्रायव्हर-गाइडने दहा मिनिटं बघू दिलं आणि विचारलं, हिच्यासाठीच थांबायचं की ही इथे का आहे ते बघायचं? काका थांबायच्या बाजूने होते, पण मतदानात हरले. त्याने गाडी थोडी पुढे नेली तर माळावर कोब हरणांचे नर जेमतेम वीस-तीस मीटरच्या आपापल्या तुकड्यावर ताठ मानेने उभे. त्या तुकड्यात ना धड चारा ना सावली. पण माद्या येतात त्या तिथेच, मधल्या जागा पटकावलेल्या नरांकडे जास्त, त्यामुळे सगळ्यांची मारामारी मधल्या जागांसाठी. दादर स्टेशनला जिन्यासमोरचा डबा पकडण्यासारखं. आणि एवढी हरणं रोज त्याच जागी उभी राहतात म्हटल्यावर सिंहीण दुसरीकडे कशाला जाईल? सिंहीण बघून जेवढं कळलं नसतं तेवढं या हरणांच्या गोंधळात कळलं.

झाडावर चढणारे सिंह याच पार्कच्या इशाशा भागात असतात, ते पण बघितले, अंजिराच्या फांदीवर पाय खाली सोडून पसरलेले. का चढतात यावर प्रत्येक गाइडचं वेगळं मत, कोणी म्हणतो माश्या चावतात म्हणून, कोणी म्हणतो वर वारा लागतो. पण तिथल्या सिंहांची हालत बरी नाही रे. २०१८ मध्ये याच पार्कात तीन सिंहिणी आणि आठ बछडे विषाने मेले. जेकब नावाचा एक सिंह आहे, चोरट्या शिकाऱ्यांच्या सापळ्यात एक पाय गेला, तीन पायांवर जगतो, आणि २०२४ मध्ये तो आणि त्याचा भाऊ रात्री दोन तळ्यांना जोडणारा काझिंगा चॅनेल पोहून गेल्याचं ड्रोनवर टिपलं, किलोमीटरच्या वर अंतर आणि पाण्यात मगरी आणि पाणघोडे. या काठाला माद्या राहिल्या नाहीत म्हणून पलीकडे गेला असावा असं अभ्यासकांचं म्हणणं. आम्ही त्याच चॅनेलमध्ये बोटीतून फिरलो, पाणघोडे मोजता मोजता कंटाळलो, त्यामुळे तो पोहला म्हणजे काय याचा अंदाज आला.

याच पार्कातल्या म्वेयाला लॉजच्या अंगणात पट्टेवाल्या मुंगसांची टोळी फिरते. एक वॉर्टहॉग, म्हणजे तिकडचं सुळेवालं रानडुक्कर, आला, त्यांच्यात जाऊन खुशाल आडवा झाला आणि मुंगसं त्याच्या अंगावर चढून कानामागच्या, पोटाखालच्या गोचिड्या खायला लागली. फुकट मालिश. मी नाश्ता सोडून तेच बघत बसलो. आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला जायंट फॉरेस्ट हॉग नावाचा अवाढव्य रानडुक्कर दिसला, काळाकुट्ट, केसाळ, गालावर थाळीसारखे फुगवटे. एवढं धूड, पण १९०४ पर्यंत शास्त्राच्या पुस्तकात त्याचं नावच नव्हतं! आमचा गाइड त्याच्यावर सिंहापेक्षा जास्त खुश झाला, तेव्हाच मी म्हटलं हा माणूस आपला.

गोरिला. हे तू विचारणारच. परमिट माणशी ८०० डॉलर, रवांडात तर १५००, एका गटाकडे दिवसात आठच माणसं, आणि वेळ एक तास. ब्विंडीचे डोंगर म्हणजे कोयनेच्या जंगलात वाट नसताना सरळ वर चढायचं असं समज. पोर्टर घे, लाजू नकोस, तो गावातलाच असतो आणि त्याला त्या पैशांची गरज असते, शिवाय चिखलात मागून ढकलतो पण. पोचलो तर सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ रुपेरी झालेला मोठा नर, पाठ करून बसलेला, ट्रॅकर घसा खाकरल्यासारखा दोनदा आवाज काढतो, म्हणजे आम्ही भांडायला आलो नाही, आणि तो पण तसाच आवाज काढून उत्तर देतो. थरारक आहे, खोटं कशाला बोलू. एकूण माउंटन गोरिला हजाराच्या जरा वर, २०१९ मध्ये जाहीर झालेला आकडा १,०६३, आणि संख्या वाढती आहे म्हणून २०१८ मध्येच त्यांना अतिसंकटग्रस्त मधून एक पायरी वर काढलं. पर्यटकांच्या पैशाने हे झालं यात शंका नाही. पण १९९१ मध्ये ब्विंडी नॅशनल पार्क झाला तेव्हा आत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं आणि आज त्यातले काही जण टुरिस्टांना आम्ही जंगलात कसे राहायचो याचं नाटक करून दाखवतात, ते बघताना मला कसंतरीच झालं, मी फोटो काढले नाहीत. आणि तो एक तास आठ मोबाइल समोर धरलेल्या माणसांमध्ये जातो. पैसे वसूल झाले का, झाले. परत जाईन का, चिंपांझीकडे जाईन, रात्रीच्या जंगलात तर नक्कीच.

खाण्याचं म्हणशील तर रस्त्यावर रोलेक्स खा. घड्याळ नाही, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, कोबी-टोमॅटो घालून. आपल्याकडच्या लोकांना १९७२ मध्ये अमीनने नव्वद दिवसांत देशाबाहेर हाकललं, चपाती मात्र तिथेच राहिली आणि आता राष्ट्रीय खाद्य झालीय.

तुझी ठरलेली मसाई माराची ट्रिप तू रद्द करणार नाहीस हे मला माहीत आहे, वहिनींनी ड्रेस पण घेतले असतील. फक्त एजंटला हे विचार: मुक्काम मुख्य रिझर्व्हमध्ये आहे का बाहेरच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिकांच्या जमिनीवर राखलेल्या रानात? कारण रिझर्व्हमध्ये नाइट ड्राइव्ह आणि पायी फिरणं चालत नाही, कॉन्झर्व्हन्सीत चालतं. दोन रात्री तरी तिकडे टाक, हॉटेलचा स्टार एक कमी झाला तरी चालेल. गाइडला पहिल्याच दिवशी सांग की आम्हाला लिस्ट पूर्ण करायची नाही, तुला जे आवडतं ते दाखव, बघ कसा खुलतो. निळे-काळे कपडे नेऊ नकोस, त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते. यलो फिव्हरचं इंजेक्शन निघायच्या निदान दहा दिवस आधी घे, ते ठरावीक सेंटरलाच मिळतं आणि परत येताना आपल्याच एअरपोर्टवर कार्ड मागतात.

माझी दुर्बीण घेऊन जा, तुझ्या त्या खेळण्यातून मुंगूस पण दिसायचं नाही. रविवारी ये घरी, आणि येताना माझा ट्रायपॉड आण, मागच्या दिवाळीपासून तुझ्याकडे पडलाय.

तुझा,
पम्या