आधी चर, मग जिप्सम

शिरोळ

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. ऊस वाढत नाही असं वाटेकरी सांगतोय, म्हणून रानात जिप्सम टाकू का, असं विचारलंयस. परवा तुझं खालचं रान फिरून बघितलं. वाटेकरी खोटं बोलत नाही. ऊस गुडघ्याएवढाच थांबलाय आणि सऱ्यांच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटलंय. पण जिप्समची, म्हणजे त्या कॅल्शियमच्या खनिजाची, ट्रॉली एवढ्यात मागवू नकोस.

आपली काळी माती खोल आणि चिकण. भिजली की फुगते, पाणी खाली सोडत नाही. पूर्वी इथं नुसत्या ओलीवर शाळू-हरभरा निघायचा. नदीवरून उपसा आला, बारमाही ऊस आला आणि मोटार रात्रभर चालायला लागली (रात्रीच्या लाइटीला उठून बंद करतंय कोण!). जमिनीखालचं पाणी वर चढत गेलं. ते केशाकर्षणानं, म्हणजे मातीतल्या बारीक छिद्रांतून ओढलं जाऊन, माथ्यापर्यंत येतं, उन्हानं उडून जातं, क्षार तेवढे मागं राहतात. हे आपल्याच पिढीचं दुखणं नाही. पुण्याकडचा नीरेचा डावा कालवा 1885 सालचा. पुढच्या काही दशकांतच तिकडची रानं पाणथळ, खारट व्हायला लागली होती.

आता जिप्समचं. मातीचा सामू (pH) 8.5 च्या वर गेला आणि कणांना सोडियम चिकटला, तर ती चोपण. तिथं जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतं. पण हुसकलेल्या सोडियमला रानाबाहेर जायला वाट नको का? निचरा नसेल तर पैसे मातीत. आणि सामू 8.5 च्या आत असून नुसतेच विरघळणारे क्षार असले, तर जिप्सम लागतच नाही. निचरा आणि गोडं पाणी पुरतं. तेव्हा आधी माती तपासू. नमुने मी काढतो, वरच्या थराचे वेगळे, खालचे वेगळे.

खरी गोची पुढंच आहे. निचऱ्यासाठी चर खणून त्यात सच्छिद्र पाइप गाडले तरी त्यातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं कुणाच्या रानातून? इथं दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र आले, तेव्हा कुठं हे काम मार्गी लागलं. एकट्याच्या दोन एकरांत ते बसत नाही. तुझ्या नि ओढ्याच्या मध्ये धाकट्या काकांची पट्टी आहे.

तोवर वाटेकऱ्याला पाण्याची पाळी लांबवायला सांग, पाचट पेटवू देऊ नकोस. ऊस निघाला की पावसाळ्यात धैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक, करून गाडू, तो खारट रानातही तग धरतो.

दिवाळीला आलास की काकांकडे तूच जा. बांधावरून माझं त्यांच्याशी वाजलंय. मी गेलो तर पाइप राहील बाजूला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या