मेल साहेबांचा की कचेरीचा?

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान विभाग,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त अव्वल कारकून. राहणार श्रीवर्धन. ‘सदर कागदपत्र अभिलेखात आढळून येत नाही’ हे वाक्य नोकरीत मी कितीदा टाइप केलं, देव जाणे. गेल्या वर्षी तेच वाक्य मला पोस्टाने घरपोच मिळालं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची पोफळीची वाडी आडवी झाली. पंचनाम्यात झाडं कमी लागली, म्हणून वीज आणि रेंज परत आल्यावर मी फोटोंसह हरकत मेल केली. पत्ता कचेरीतल्याच माणसाने चिठ्ठीवर लिहून दिला होता. तो साहेबांचा खाजगी जीमेल निघाला. साहेबांची बदली झाली, मेल त्यांच्याबरोबर गेला. माहिती अधिकारात विचारलं, तर वर सांगितलेलं उत्तर. माझ्या पेटीत मात्र तो मेल तारीख-वेळेसकट आजही आहे. सरकारचं दप्तर माझ्या घरी, असा हा उलटा कारभार.

कायदा कमी पडतो असंही नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कलम २(च) खाली ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल चक्क नावानिशी आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच. कमी पडते ती बारनिशी, म्हणजे टपालाची आवक-जावक नोंद. आमच्या वेळी टपाल आलं की आधी आवक नंबर, मग टेबल. साहेबांच्या हातात कागद नंतर जायचा. मेल थेट साहेबांच्या फोनवर उतरतो आणि बारनिशीवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. आता तर आदेशच व्हॉट्सॲपवर येतात. त्यावर न बोललेलं बरं.

काही जण मेलची प्रिंट काढून फाइलला लावतात. हेतू चांगला, पण जोडलेले फोटो मागेच राहतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपताना तो कुठून निघाला, कुठे पोचला, कधी, हा तपशीलही जपायचा. प्रिंटवर तो सगळा येत नाही. शिवाय आमच्याकडच्या पावसात प्रिंटचं काय होतं, ते एकदा भाद्रपदात कुठल्याही अभिलेख कक्षात जाऊन हुंगून पाहा.

सगळेच मेल जपा, असं मी म्हणत नाही. बैठकीची वेळ बदलली, हा मेल ‘ड’ वर्गातला, म्हणजे थोडा काळच जपायचा; मुदत संपली की खुशाल नष्ट करा. पण हरकत, मंजुरी, नकार हे प्रकरणाचे कागद आहेत. त्यांना आवक नंबर द्या आणि मूळ मेल जोडण्यांसकट त्याच प्रकरणात ठेवा. मेलचा पत्ता पदाच्या नावाने असू द्या, आणि बदलीच्या वेळी चाव्या-शिक्क्यांबरोबर मेलच्या पेटीचाही कार्यभार सही करून सोपवायला लावा. खाजगी मेलवर सरकारी काम केलं तर कारणे दाखवा नोटीस निघू दे. एक निघाली की बाकीचे आपोआप सुधारतात, हा माझा अनुभव.

माझ्या त्या मेलची प्रत हवी असल्यास मी आनंदाने पाठवीन. फक्त कुठल्या पत्त्यावर, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, श्रीवर्धन