पॉलिसीचा फॉर्म, आणि बाकीचं

मिरज,
रविवार रात्र

चि. मधुरा हीस,
अनेक आशीर्वाद.

कालचा फोन मीच ठेवला. रेंज वगैरे काही गेली नव्हती. अजून थोडं बोलले असते तर आवाज चढला असता, आणि शेजारच्या काकूंची खिडकी उघडीच असते. म्हणून लिहिते आहे. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही, हाही एक फायदा.

राजीनामा दिलास हे कळलं. तीस तारखेला शेवटचा दिवस, तेही कळलं. आठवड्यातले दोन दिवस सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहायचं तेच काम, पण घरून. बाकीचे दिवस फुलांची चित्रं. हंगामात लोकांना घेऊन कासला जायचं. शिवाय सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांचं सगळं लिहून काढायचं. तू बोलत होतीस आणि मी बोटांवर मोजत होते, चार झाली. आत्यांना सांगितलं तर त्या 'एक ना धड' म्हणाल्या. पुढचं मी त्यांना म्हणू दिलं नाही.

मला विचारायचं आहे ते एकच. तीस तारखेनंतर तुझ्या आजारपणाच्या विम्याचं काय?

हसू नकोस. थायरॉईडची गोळी तू रोज घेतेस, म्हणजे नव्या पॉलिसीत ते 'आधीपासूनचं दुखणं' धरतात आणि त्याच्यापायी काही उपचार लागले तर थांबायला लावतात. २०२४ साली नियम बदलून ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, आधी चार होती. पण तीन वर्षंही काही कमी नाहीत. कंपनीच्या सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि तिथे काढलेला काळ धरला जातो. मात्र हे नोकरी सुटायच्या आत विचारायचं असतं. नंतर गेलीस तर नव्याने ओळीत उभं राहावं लागेल.

झालं. विम्याचं आता बोलणार नाही.

तू कोसंबींचं उदाहरण दिलंस. गणिताचे प्राध्यापक, पण हजारो जुनी नाणी तोलून कुठलं किती वापरात होतं त्याचा हिशोब मांडला, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर दगडी हत्यारं वेचली, संस्कृत पोथ्या संपादित केल्या. मान्य. पण हा माणूस डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला नोकरीला जात होता, हे तू गाळलंस. डॉ. लागूंचंही तेच. १९६९ साली डॉक्टरी सोडून पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी उलटलेली होती, आणि कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. यावर तू पटकन म्हणालीस, कोसंबींचीही नोकरी १९६२ साली गेलीच की, मुदत वाढवून दिली नाही. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आताही सुचलेलं नाही. पण चुकून बरोबर बोललीस म्हणून जिंकलीस असं होत नाही.

खरं म्हणजे तुझ्या डोक्यात कोसंबी नाहीत आणि माझ्या डोक्यात लागू नाहीत. दोघींच्याही डोक्यात बाबाच आहेत.

सकाळी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बसायचे. दुपारी सतारमेकर गल्लीत नक्षीकामाला. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीचं गाणं असलं की रात्रभर घरी पत्ता नाही, कुणाच्या तरी मागे तानपुरा धरून बसलेले. सतारीचे भोपळे निवडायला पंढरपूर-मंगळवेढ्याकडे गेले की दोन दिवसांचे चार व्हायचे, आणि परत आले की कडू भोपळ्याच्या वेलाबद्दल असं बोलायचे की तू जेवण विसरायचीस. तुला लुनावर बसवून दंडोबाच्या डोंगरावर न्यायचे. ट्रेझरीतून मी आणलेल्या बाद फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर तू तिथलं गवत काढायचीस, आणि ते प्रत्येक पातं मोजून 'इथे एक कमी आहे' म्हणायचे. खोटं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. चित्रातलं तुझं सगळं तिथून आलंय, पुण्याच्या त्या महागड्या क्लासमधून नव्हे.

शिकलगारांची गोष्टही त्यांनीच सांगितलेली. मुळात हत्यारं करणारी, धार लावणारी माणसं. हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा हात तेच ठेवून तंबोऱ्याकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तू फोनवर रडलीस. बाबा असते तर म्हणाले असते, कागद मिळाला, आता सतारीला लागणारं तूणाचं लाकूड स्वस्त करा म्हणावं.

काल तू म्हणालीस, 'पण बाबा आनंदात होते ना?'

होते. त्यांचा आनंद माझ्या पगारावर उभा होता. त्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा रेडिओचं दुकान नव्हतं, गल्लीत नक्षीला बसता येत नव्हतं, तानपुरा धरवत नव्हता. चारही कामं एका आठवड्यात थांबली. गल्लीतली माणसं आली, डबे दिले, रात्री जागली. पण पैसे आले ते वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलातून, सिव्हिल सर्जनची सही होऊन, बाकीच्यांच्या बिलांबरोबर रांगेतून. मला ट्रेझरी आवडायची असं तुला वाटतं का? मलाही गाता येत होतं. पण कुणीतरी एका जागी उभं राहायला लागतं.

हे इतकं कडू लिहायचं नव्हतं. खोडायला घेतलं, पण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेसच. राहू दे. बाबांवर माझा राग नाही. राग त्या डायलिसिसच्या खुर्चीवर आहे, आणि तिथे तू बसलेली दिसतेस म्हणून मी विम्याचं विम्याचं करते.

तुझ्याबाबतीत एका जागी उभं कोण राहणार? काल रात्री यावरच अडले होते. सकाळी भाजी निवडताना वाटलं, ते दोन दिवस आहेत की. ती माहितीपत्रकं म्हणजे तुझी ट्रेझरी. कंटाळवाणं आहे म्हणतेस, असू दे. चित्रं जोरात चालली तरी ते दोन दिवस सोडू नकोस. कासचा हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्याच्यावर वर्ष निघत नाही. चित्र विकलं जाईल तेव्हा जाईल. दर महिन्याला येणारं ते एवढंच. आणि त्या पैशांतून दहा टक्के कर कापून येईल, तो गेला असं समजू नकोस, रिटर्न भरलंस की हिशोबाने परत मिळतो. पीएफबरोबरची पेन्शनची रक्कमही काढू नकोस. दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही आणि तुझी सातच झालीत. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेव, पुढे कधी नोकरी धरलीस तर ही सात जोडली जातील. आता नाक मुरडशील, पण नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत येणाऱ्या बायका बघ एकदा. पेन्शन हातात असलेली बाई सुनेशी कशा आवाजात बोलते ते बघ.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. पस्तिशीला आलेल्या मुलीला हे सांगायचं नसतं, पण मला दुसरं काही नीट सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात तू पाठवलेला सीतेच्या आसवांच्या चित्राचा फोटो मी मोठा करून बघितला. एवढंसं जांभळं फूल, आणि खाली मातीत किडे धरणाऱ्या त्या बारीक पिशव्यासुद्धा काढल्यास. वरचं फूल सगळेच काढतात. बँकेतल्या बाईंना दाखवलं, त्यांना छापील वाटलं. मी म्हटलं, माझ्या मुलीने काढलंय, ती चित्रकार आहे. कंपनीचं नाव सांगायचं त्या वेळी आठवलंच नाही.

सोबत पॉलिसीचा फॉर्म जोडला आहे, काकूंच्या मुलाकडून छापून घेतला. सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या केल्या आहेत. पहिला हप्ता मी भरणार, त्यावर वाद नको. थायरॉईड लपवू नकोस, सगळं खरं लिही, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारतात. वारस म्हणून माझं नाव घालू नकोस, माझं वय झालं. दादाचं घाल.

कासला मलाही यायचं आहे. गुडघ्याचं बघू, हळू चालणाऱ्यांचा एक गट कर. फी इतरांइतकीच घे. आणि ते सीतेच्या आसवांचं चित्र प्रदर्शनात लावशील तेव्हा खाली 'विकले गेले' अशी चिठ्ठी चिकटव. भाव काय तो सांग, मी पूर्ण देणार आहे, आईला सवलत वगैरे काही नको.

तुझी,
आई