डोकं कुणाचं, नाव कुणाचं

प्रिय अनघा,

तुझं पत्र मिळालं. उर्सुला ले ग्विनची कादंबरी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आणि गिरीश कर्नाडांचं नाटक 'हयवदन', दोन्ही पाठोपाठ वाचलीस हे उत्तम केलंस. एक संपल्यावर शांत वाटलं, दुसरं संपल्यावर चिडचिड झाली, आणि तरी दोन्हींत गोष्ट एकच आहे असं का वाटतंय, असं विचारतेस. गोष्ट खरंच एकच आहे म्हणून. दोन्हीकडे कुणीतरी अर्धवट आहे आणि त्याला पुरं व्हायचंय. कादंबरी म्हणते, जमेल, पण बाहेरून काही आणू नकोस. नाटक मुद्दाम बाहेरून आणतं, तेही थेट दुसऱ्याचं धड, आणि म्हणतं, आता बसा बघत.

आधी कादंबरी. ती 1968 सालची. बर्कलीतल्या पार्नासस प्रेस नावाच्या लहानशा प्रकाशनाने उर्सुला ले ग्विनकडे थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं. तोवर तिने मुलांसाठी काही लिहिलं नव्हतं. तिला प्रश्न असा पडला की गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का? ते कधीतरी पोरवयाचे असतील, कुठेतरी शिकले असतील. म्हणून रोक बेटावरची जादूगारांची शाळा, आणि म्हणून तिथे शिकायला जाणारा पोरगा, गेड. कादंबरीत नाट्य कमी, कथन जास्त आहे. कुणी जुनी दंतकथा सांगावी तसा आवाज आहे आणि संवाद मोजके. त्यामुळे पहिली दोन प्रकरणं कोरडी वाटतात. तुलाही वाटली असतील, कबूल कर. ती मोठ्याने वाचली की सुटतात, कारण वाक्यं कानासाठीच बांधली आहेत.

या जगातल्या जादूचं यंत्र एका ओळीत मावतं: वस्तूचं खरं नाव ठाऊक असेल तर तिच्यावर ताबा. पण गंमत त्या यंत्राच्या अटींत आहे. दगडाचा हिरा झाल्यासारखा दाखवणं सोपं, तो नुसता भास. खरोखर हिरा करायचा तर दगडाचं खरं नाव बदलावं लागतं. जुन्या भाषेत ते 'टोल्क'. आणि एवढासा खडा बदलला तरी जगाचा तोल तेवढा ढळतो. इथला पाऊस म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी बेटावरचा दुष्काळ. म्हणून थोर जादूगार सहसा काहीच करत नाहीत. गेडचा गुरू ओगियन पावसात भिजत बसतो, पाऊस हटवत नाही. चौदा वर्षांच्या पोराला हे बघून काय वाटेल? तेच गेडला वाटतं, आणि तो रोकला निघून जातो.

नावं शिकण्याचं काम किती कंटाळवाणं आहे, हे ले ग्विनने लपवलेलं नाही. एकांत मनोऱ्यात नावांच्या याद्या पाठ करायच्या, आणि मध्यरात्री पानावरची शाई पुसली जाते. तोवर लक्षात राहिलं ते राहिलं. शाळेच्या वर्णनात माझं सगळ्यात आवडतं पान हेच. पुढे नावांची सगळी भानगड होते, ती कुणी फुकट शिकलेलं नाही हे इथे पक्कं बसतं.

मग चूक. शाळेतल्या जॅस्परने डिवचलं म्हणून गेड एका मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो, आणि उघडलेल्या फटीतून एक सावली आत येते. ती फट बुजवताना म्हातारा महाजादूगार नेमर्ल जिवानिशी जातो. गेडच्या चेहऱ्यावर वण राहतात. इथून पुढे लेखिकेचा हिशोब फार चोख आहे, तो पुन्हा वाचताना बघ. गेड पळतो तोवर सावलीला धड आकार नसतो, पण जोर वाढत जातो. दुसऱ्या माणसाच्या अंगात शिरून ती त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते, आणि त्याच्या हातातली विद्या क्षणात निकामी होते. ओगियन त्याला मागे वळायला सांगतो. वळल्याबरोबर पळण्याची दिशा उलटते. आणि त्याच सुमाराला सावली गेडसारखी दिसायला लागते. एका बेटावरचे लोक त्याला बघून दचकतात, कारण अगदी असाच एक जण नुकताच तिथून गेलेला असतो. उत्तर तिथेच ठेवलंय, फक्त तोवर आपण प्रश्न वेगळाच विचारत असतो.

तुझ्या नजरेतून बहुधा निसटलेली जागा सांगते. सावलीचं नाव गेडला दोनदा विकत मिळत असतं. पेंडोर बेटावरचा ड्रॅगन ते सांगायला तयार असतो, पण गेडने ओळखलेलं ड्रॅगनचं नाव एकदाच वापरता येणार. ते स्वतःसाठी वापरायचं की ज्या बेटकऱ्यांनी त्याला राखणीला ठेवलंय त्यांच्यासाठी? तो ड्रॅगनकडून बेटांकडे कधी न फिरकण्याची शपथ घेतो आणि आपलं भय तसंच घेऊन परततो. नंतर सेरेट नावाची बाई एका प्राचीन दगडाकडून तेच नाव मिळवून द्यायला निघते. तिथेही नकार. शेवटी समुद्राच्या पार टोकाला, जिथे पाण्याची वाळू झालीय, गेड आणि सावली समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी एकच नाव उच्चारतात. ते नाव 'गेड'. म्हणजे ड्रॅगनने सांगितलं असतं तरी ते त्याचंच नाव निघालं असतं. पण उसनं कळलेलं ते नाव त्याच्या काय कामाचं होतं? त्याला स्वतःच्या तोंडाने ते दुसऱ्याला द्यायचं होतं. म्हणून तुला शांत वाटलं. लढाई झालीच नाही, कुणी जिंकलं नाही, हिशोब मात्र मिटला.

कादंबरीवर माझा एक राग आहे, तोही नोंदवते. बायकांची जादू म्हणजे कच्ची आणि कुटिल, अशा अर्थाच्या म्हणी या जगात सर्रास चालतात, आणि पुस्तक त्यांना अडवत नाही. शाळेत एकही मुलगी नाही. ले ग्विनला हे पुढे स्वतःलाच खटकलं. 1990 साली 'तेहानू' लिहून तिने तेच जग एका बाईच्या स्वयंपाकघरातून पाहिलं. ते वाचच, पण मालिकेतली मधली दोन पुस्तकं झाल्यावर.

आता 'हयवदन'. दिग्दर्शक ब. व. कारंतांनी ते हिंदी-कन्नडमध्ये गाजवलं हे तुला ठाऊकच आहे. मराठी भाषांतर चिं. त्र्यं. खानोलकरांचं आहे, आणि ते विजया मेहतांनी बसवलं होतं. कर्नाडांच्या सूत्रधाराला, म्हणजे भागवताला, खानोलकरांच्या मराठीत कोकणातल्या दशावताराचा वास येतो असं मला वाटतं. माझा भास असेल, पण चांगला भास आहे.

मूळ प्रश्न वेताळ पंचविशीतला, तू लहानपणापासून ऐकलेला. डोकी बदलली, आता नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, कारण मस्तक हे उत्तमांग. वेताळ पुन्हा झाडाला लटकतो, गोष्ट संपते. जर्मन कादंबरीकार थॉमस मानने 1940 साली तीच गोष्ट पुढे नेली: बरं, मग त्या घरात दुसऱ्या दिवशी काय झालं? कर्नाडांनी 1971 साली तिथून उचललं आणि वर एक घोडा बसवला.

घोड्याकडे नंतर येते. आधी कालीचं देऊळ, कारण तुझी चिडचिड तिथेच सुरू होते. देवदत्त कवी, गोरा, ब्राह्मणाचा मुलगा. कपिल लोहाराचा, अंगाने भक्कम. पद्मिनी देवदत्ताची बायको, पण डोळा कपिलाच्या अंगावर. देवदत्ताला हे कळतं. लग्नाआधी बोललेला नवस आठवून तो आपलं शिर कालीला वाहतो. त्याला शोधत आलेला कपिल तेच करतो. पद्मिनीही तलवार उचलते, तेवढ्यात अर्धा पडदा खाली येतो आणि मागे काली: हात पसरलेले, तोंड आ वासलेलं. अंगावर काटा येतो. मग ती हात खाली घेते, तोंड मिटते, आणि कळतं की बाई जांभई देत होती.

या एका जांभईत सगळं नाटक आहे. ज्या देवीपुढे दोघं मेले तिला झोप अनावर झालीय. मरतानाही दोघं खोटंच बोलले हे तिला ठाऊक आहे. शिरं धडांवर ठेव, तलवार टेकव, आणि लवकर आटप, असं ती सांगते. अंधारात, घाईत पद्मिनी डोकी उलटी बसवते. चुकून की मुद्दाम? दिग्दर्शकाने इथे स्पष्ट उत्तर दिलं की प्रयोग फसला. फार कावेबाज पद्मिनी दाखवली तर पुढचा अर्धा तास नुसतं प्रहसन होतं, आणि फार भाबडी दाखवली तर कालीने तिच्या प्रामाणिकपणाला मारलेला टोमणा वाया जातो. हात चुकावेत, पण नजर चुकू नये.

आता तू विचारलेला खरा किचकट भाग: डोकी बदललेली रंगभूमीवर दाखवायची कशी? देवदत्ताचा मुखवटा फिका, कपिलाचा काळसर. मुखवटे अदलाबदल केले की झालं, असं वाटतं. पण नटाचं काय? मुखवटा हे डोकं असेल तर नट हे धड. मग देवदत्ताचा मुखवटा आतापर्यंत कपिल असलेल्या नटावर आला, आणि आवाज? गळा धडाचा, भाषा डोक्याची. नटाने रात्रीत दुसऱ्या नटाची बोलण्याची ढब उचलायची आणि चाल मात्र आपलीच ठेवायची. हौशी प्रयोग इथेच कोसळतात. दोघं नट आधीपासून एकमेकांच्या लकबी ठरवत नाहीत, त्यामुळे मध्यंतरानंतर कोण कोण आहे हे प्रेक्षकाला कळत नाही आणि हशा चुकीच्या जागी येतो. उपाय असा की पहिल्याच प्रवेशात प्रत्येकाला दोनच ठळक खुणा द्यायच्या, एक डोक्याची, एक अंगाची. देवदत्त वाक्य अर्धवट सोडून शब्द शोधतो, आणि उभा राहताना कशाला तरी टेकतो. कपिल वाक्य पुरं करतो, आणि बसला तरी हात रिकामे ठेवत नाही. मग शब्दांची खूण मुखवट्याबरोबर जाते, अंगाची नटाबरोबर राहते. दुसऱ्या अंकात अंगाची खूण हळूहळू पुन्हा डोक्यामागे जाते, कारण देवदत्ताचं नवं कसदार शरीर मऊ पडत चाललंय आणि तिकडे रानात कपिलाने देवदत्ताचं नाजूक धड राबवून राबवून पुन्हा कणखर केलंय. ही घसरण बोलून दाखवतात त्या उज्जैनच्या जत्रेतल्या दोन बाहुल्या: मालकाचे, म्हणजे देवदत्ताचे, तळहात पूर्वी खरखरीत होते, आता मऊ लागतात. बाहुलीलाच ते कळणार, तिला हातात धरतात ना.

म्हणजे डोकं जिंकलं. नाटकातल्या ऋषीने डोक्याच्या बाजूने निवाडा दिला तसंच झालं. आणि पद्मिनीला जे हवं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत विरून गेलं. उसनं आणलेलं टिकलं नाही, गेडने दोनदा नाकारलं ते हेच. पण गेडला दुसरी वाट होती. पद्मिनीला कुठली होती? तिचा दोष एवढाच की तिला दोन्ही हवं होतं, आणि ते तिने कबूल केलं. शेवटी दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात आणि ती सती जाते. तू यावर चिडलीस, मीही चिडते. फक्त एक बघ. जाताना ती मुलाची व्यवस्था लावते: पाच वर्षांचा होईपर्यंत रानातल्या शिकाऱ्यांकडे, मग धर्मपुरात ब्राह्मण आजोबांकडे. आधी कपिल, नंतर देवदत्त. एवढं सगळं होऊनही पोराच्या नशिबी तीच फाळणी ती स्वतः लिहून जाते. कर्नाडांनी हे कुणाच्याही तोंडून वदवलेलं नाही.

आणि हयवदन. घोड्याचं डोकं, माणसाचं धड, त्याला पुरा माणूस व्हायचंय. कालीने त्याला पुरं केलं, पण पुरा घोडा! वर आवाज माणसाचाच राहिला. तो घालवण्यासाठी तो देशभक्तीपर गाणी गात फिरतो, कारण ती गाणाऱ्यांचे आवाज हमखास बिघडलेले असतात असं त्याचं निरीक्षण. हसू येतं आणि मग पोटात गोळा येतो. त्याचा आवाज जातो तो पद्मिनीच्या त्या अबोल मुलाबरोबर हसताना. हसता हसता खिंकाळी होते. नाटकाच्या सुरुवातीला ज्याची पूजा झाली तो गणपती हत्तीच्या डोक्याचा, एका सुळ्याचा, आणि तरी त्याच्याकडे आपण संपूर्णतेचं मागणं मागतो, हे भागवताने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलेलं असतं. आपण ते मंगलाचरण म्हणून सोडून देतो.

तुमच्या गटात वाचन करणार असाल तर मुखवट्यांच्या फंदात पडू नका. दोन टोप्या आणि दोन सदरे घ्या, एक जोडी पांढरी, एक काळी. संहितेत नावं डोक्यामागे जातात, म्हणजे वाचणारा हे डोकं. तेव्हा देवळाच्या प्रवेशानंतर टोप्या तशाच ठेवून सदरे बदला. टोप्या बदलल्यात तर वाचणाऱ्यांना पानंही बदलावी लागतील आणि गोंधळ होईल. दुसऱ्या अंकात बाहुल्यांच्या प्रत्येक बोलण्याला एकेक बटण सोडा, आणि रानातल्या भेटीआधी सदरे परत ज्याचे त्याला. बाहुल्यांना दोन चिरके आवाज लागतील, त्यातला एक तू वाच. भागवत मात्र अशा कुणाला दे ज्याला वाचताना घाई नसते. शेवटची खिंकाळी कुणी आधी तालमीत काढून बघू नका. हसणारा जो असेल त्याच्याच हसण्यातून ती यायला हवी, आणि एकदाच.

पुढच्या पत्रात 'तेहानू'बद्दल कळव.

तुझी,
वैजू