साच्यातील वस्तूंना 'हस्तनिर्मित' म्हणू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागात भरलेल्या एका पर्यटन महोत्सवात 'कोकणातील हस्तनिर्मित मातीकला' असा फलक लावलेले दालन होते. तिथली एक फुलदाणी उचलून पाहिली, तर तिच्या दोन्ही अंगांना तोंडापासून बुडापर्यंत साच्याची उभी रेघ दिसत होती आणि शेजारच्या डझनभर फुलदाण्यांत केसाचाही फरक नव्हता. हे आयोजकांच्या निदर्शनास आणले, तेव्हा "मातीचीच आहे ना, मग झाले" असे उत्तर मिळाले. वेंगुर्ल्याजवळ गेली अकरा वर्षे मी चाकावर स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारख्या घट्ट केलेल्या मातीच्या, शोभेच्या वस्तू घडवते आहे आणि मला हे उत्तर मान्य नाही.

साच्याच्या कामाला माझा विरोध नाही. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतून एकसारखी भांडी काढणे हाही रीतसर उद्योग आहे आणि ती स्वस्त पडतात, हे ग्राहकाच्या सोयीचेच आहे. आक्षेप आहे तो फलकावरच्या शब्दाला.

साधे मडके साधारण 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले जाते व सच्छिद्र राहते, म्हणूनच त्यात पाणी गार होते. स्टोनवेअर मात्र 1200 ते 1300 अंशांपर्यंत तापवावे लागते, तेव्हा कुठे माती दगडासारखी घट्ट होऊन पाणी शोषेनाशी होते. आपल्या मळ्यातली लोहयुक्त माती एवढी आच सोसत नाही, फुगते आणि वितळू लागते. त्यामुळे मला माती बाहेरून आणावी लागते व ते मी प्रत्येक ग्राहकाला सांगते. कोकणाचे जे काही माझ्या भांड्यांत आहे ते झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात आहे, कारण जांभ्या दगडाची वस्त्रगाळ पूड आणि भाताच्या तुसाची राख मी तिच्यात मिसळते आणि जांभ्यातल्या लोहाने तिला तपकिरी ते काळसर रंग येतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. मे महिन्यात सकाळी चाकावरून उतरवलेले भांडे संध्याकाळी बूड तासण्याजोगे होते, तेच आषाढात तीन-चार दिवस ओले राहते. काठ आधी सुकतो, बूड मागे राहते आणि बुडाच्या मधोमध नागमोडी तडा जातो. तडा न गेलेले भांडेही सुकताना व भट्टीत आकसते, इतके की एक फुटाची ओली फुलदाणी शेवटी साडेदहा इंचांच्या आसपास भरते. अशा भांड्याची किंमत साच्यातल्या भांड्याच्या शेजारी ठेवली, की ग्राहकाला मीच लुबाडते आहे असे वाटते.

वाचकांनी फुलदाणी घेताना आत बोटे फिरवून पाहावीत, चाकावर वर ओढलेल्या मातीवर बोटांची वळणे बहुधा हाताला लागतात. साच्याची रेघ मात्र घासून काढलेली असू शकते, म्हणून विक्रेत्याला थेट विचारावे हे उत्तम. आयोजकांना विनंती अशी की, दालन देतानाच प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर ती चाकावरची आहे की साच्यातली, आणि कोणत्या गावी बनली, हे लिहिण्याची अट घालावी. मे महिन्यातील महोत्सवाची दालने अद्याप वाटली गेलेली नाहीत, तेव्हा ही अट यंदापासूनच लागू करता येईल.

आपली,
एक स्टुडिओ कुंभार,
वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)